झाशीचं पिस्तूल: १९१४ चा आकडा, तीन दंतकथा आणि एक वेबली

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका जुन्या मराठी घरातलं हे प्रकरण आहे. घरच्यांनी लिहायला हरकत नाही सांगितलं, फक्त आडनाव नको, म्हणून मी त्यांना नाना म्हणतो. नानांच्या थोरल्या काकांच्या नावावर एक रिव्हॉल्व्हर होतं. काका गेले, लायसन्स त्यांच्याबरोबर संपलं, हत्यार कायद्याप्रमाणे एका लायसन्सवाल्या गन हाऊसमध्ये जमा झालं, आणि आता वारस म्हणून ते नानांना आपल्या नावावर घ्यायचं होतं. ऑफिसात अर्ज दिला तर बाबूंनी विचारलं की जुन्या लायसन्सवर नुसतं ‘रिवाल्वर .४५ बोर, इंगलिश मेड’ लिहिलंय, मेक काय, मॉडेल काय, नक्की बोअर (नळीच्या भोकाचं माप) काय, ते लिहून आणा. प्रश्न अगदी रास्त होता, कारण बोअरवरूनच हत्यार प्रोहिबिटेडमध्ये, म्हणजे बंदी असलेल्यांत, जातं की नॉन-प्रोहिबिटेडमध्ये ते ठरतं, आणि प्रोहिबिटेड निघालं तर कलेक्टर ऑफिसच्या हातात फारसं काही उरत नाही, फाईल दिल्लीला होम मिनिस्ट्रीकडे जाते.

इथपर्यंत साधं काम. पण घरात दुसराच सूर लागला होता. नानांचे पुण्याचे चुलतभाऊ म्हणाले, अरे हे तर गदरातलं, म्हणजे १८५७ च्या बंडातलं पिस्तूल आहे, अँटिक आहे, अँटिकला लायसन्स लागतच नाही, तू उगाच कशाला फॉर्म भरत बसतोस. आर्म्स अॅक्टच्या ४५ व्या कलमात तशी सूट आहे खरी, पण ती अर्धीच लोकांच्या लक्षात राहते. जुन्या बनावटीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार सुटतं ते केव्हा, तर ते दुरुस्त करूनसुद्धा चालण्यासारखं नसेल तेव्हा. नुसतं म्हातारं झालं म्हणून सुटत नाही. आमच्याकडे चंबळच्या पट्ट्यात घरटी बंदूक, आचारसंहिता लागली की थान्यात हत्यारं जमा करायला रांगा लागतात, तिथे असं अर्धवट ज्ञान महागात पडतं. म्हणून नानांनी मला बोलावलं. मी काही सरकारी तज्ज्ञ नाही, जुन्या हत्यारांवरचे ठसे वाचायचा नाद आहे इतकंच.

आधी घरातल्या गोष्टी ऐकून घेतल्या, कारण त्या नीट लिहून ठेवल्या की पुढे एकेक तपासता येते. गोष्टी तीन निघाल्या आणि तिन्ही सांगणाऱ्यांना आपापली शंभर टक्के खरी वाटत होती. मोठ्या काकू म्हणाल्या, आमच्या सासूबाई याला ‘झाशीचं पिस्तूल’च म्हणायच्या, राणीसाहेब इथं आल्या त्या धामधुमीत कोणीतरी ठेवायला दिलं ते राहिलंच. पुण्याच्या भावांनी त्यात तात्या टोपेंची भर घातली होती. दुसरी गोष्ट नानांच्या वडिलांची, की पणजोबा शिंदे सरकारच्या तिसऱ्या ग्वाल्हेर इन्फन्ट्रीत होते, पहिल्या महायुद्धात आफ्रिकेत गेले, तिथे टांगाच्या लढाईत एका जर्मन अफसराकडून हे मिळालं. आणि तिसरी, जी मधल्या काकांनी थोड्या कंटाळ्याच्या सुरात सांगितली, की तसलं काही नाही हो, ग्वाल्हेरलगतच्या मुरार छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा पणजोबांना भेट देऊन गेला.

आता गदरवाल्या गोष्टीला घरात पुरावा होता बरं का, आणि तो बघून मी मनापासून खूश झालो. पिस्तुलाच्या डाव्या अंगावर आकडा आहे १९१४. ग्वाल्हेर दरबारचे कागद विक्रम संवतात चालायचे, जुन्या घरांत अजून तीच सवय, तेव्हा घरातल्या कोणा हुशार माणसानं १९१४ मधून ५७ वजा केले आणि उत्तर काढलं १८५७! पुण्याच्या माणसाला हे सुचलंच नसतं, त्यानं शके धरून १९९२ काढलं असतं आणि गप्प बसला असता. त्यात आकड्याजवळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आहे, ते व्हिक्टोरियाचं ठरवलं गेलं. झालं, राणीचं राज्य, गदरचं साल, आणि काय पाहिजे.

तरी हिशोबात एक बारीक खोट होतीच. संवत १९१४ संपला १८५८ च्या मार्चमध्ये. राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला आल्या आणि कोटा की सरायजवळ लढताना पडल्या तो जून १८५८, म्हणजे तेव्हा संवत १९१५ लागून गेला होता. पण हे पंचांगाचं भांडण झालं. खरं उत्तर लोखंडात होतं.

हत्यार मी बघितलं ते गन हाऊसमध्येच, मालकांच्या आणि नानांच्या समोर, रजिस्टरात नोंद करून. हे मुद्दाम लिहितो कारण लोक असली हत्यारं पिशवीत घालून कुणाकुणाला दाखवायला घेऊन फिरतात, तसं अजिबात करू नये. मालकांनी आधी उघडून दाखवलं, गोळ्यांची सहाच्या सहा घरं रिकामी, नळीतून पलीकडचा उजेड दिसतोय, मग माझ्या हातात दिलं. वजन जवळपास एक किलो. आखूड नळी, चार इंच. मूठ खाली येऊन पोपटाच्या चोचीसारखी आत वळलेली, तिच्या बुडाला दोरी अडकवायची कडी. डाव्या अंगाला, अंगठ्याजवळ एक खटका आहे, तो दाबला की नळी पुढे खाली मोडते आणि मोडता मोडता मधली चांदणी वर येऊन सहाही केस एकदम बाहेर ढकलते.

ही नळी मोडली तेव्हाच गदर बाद झाला. १८५७ ची रिव्हॉल्व्हरं म्हणजे अॅडम्स, बोमाँट-अॅडम्स, कोल्टचं १८५१ चं नेव्ही मॉडेल, ही सगळी टोपीवाली. घराच्या पुढच्या तोंडातून दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे तांब्याची कॅप बसवायची, एकदा पाच-सहा बार झाले की लढाईच्या मधोमध परत भरणं जवळजवळ अशक्य. पितळी काडतूस घेणारं आणि रिकाम्या केसा आपोआप फेकणारं रिव्हॉल्व्हर त्या काळी ब्रिटिश फौजेकडे नव्हतंच. मोठ्या काकूंना मी दोन्हींची चित्रं फोनवर दाखवली. बघितली त्यांनी, आणि म्हणाल्या, “असेल बाबा, पण झाशीचं आहे एवढं खरं.” हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं नाही, लिहून ठेवलं, पुढे उपयोगी पडलं.

ठसे वाचणं सोपं गेलं नाही. मधल्या काळात कोणीतरी अख्ख्या पिस्तुलावर निकेल चढवून घेतलंय. आपल्याकडे ही फार जुनी हौस, चकचकीत केलं म्हणजे जपलं असं वाटतं लोकांना. निकेल चढवायच्या आधी मिस्त्री लोखंड बफवर घासतो आणि त्या घासण्यात ठशांच्या कडा जातात. जुनी निळी-काळी झिलई नसती राहिली तरी चाललं असतं, पण ठसे उथळ झाले हे वाईट. उजव्या बाजूची मुठीची पट्टीही बदललेली, डावी मूळची काळी व्हल्कनाइटची, म्हणजे कडक रबराची, चौकडीवाली, उजवी इथल्याच कुणीतरी शिसवीची करून बसवलेली, पण काम इतकं सफाईदार की चौकडीच्या रेघासुद्धा मोजून घातल्यात. सुताराला शंभर मार्क.

उथळ ठसे वाचायचे तर ट्यूबलाइट बंद करायची आणि एकच टॉर्च अगदी आडवी, पृष्ठभागाला जवळपास चिकटवून धरायची. मग मऊ कपड्यानं पुसून खडूची पूड बोटानं चोळायची, वरची पुसून टाकायची, खाचेत राहते ती राहते. सँडपेपर, वायर ब्रश, लिंबू, काही म्हणजे काही लावायचं नाही. मग प्रत्येक ठशाचे डावीकडून, उजवीकडून, वरून असे फोटो, कारण एका उजेडात जो शून्य दिसतो तो दुसऱ्या उजेडात सहा निघतो.

असं करत करत डाव्या अंगावरची ओळ लागली: ‘वेबली’, ‘मार्क’, मग तो ‘व्ही’, ‘पेटंट्स’, १९१४. म्हणजे व्ही हा व्हिक्टोरियाचा नाही, रोमन पाच आहे. वेबली मार्क पाच. व्हिक्टोरिया राणी १९०१ सालीच गेली होती, १९१४ ला गादीवर पाचवे जॉर्ज होते.

वेबली ही बर्मिंगहॅमची कंपनी, १८९७ पासून वेबली अँड स्कॉट. ब्रिटिश फौजेनं त्यांचं मार्क एक १८८७ साली घेतलं आणि पुढे तीसेक वर्षं तीच घडण थोड्या थोड्या सुधारणा करत चालवली. मार्क एक ते पाच बाहेरून इतके सारखे दिसतात, तीच चोचीची मूठ, तोच खटका, की नुसत्या फोटोवरून मार्क सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. मार्क पाच मंजूर झालं डिसेंबर १९१३ मध्ये, त्यात मुख्य फरक सिलेंडरचा, आधीपेक्षा थोडा रुंद केला, कारण धूर न करणाऱ्या नव्या दारूचा दाब जास्त. पण लगेच महायुद्ध लागलं आणि मे १९१५ मध्ये मार्क सहा आलं, सहा इंची नळी आणि चौकोनी मुठीचं, जे सगळ्यांनी जुन्या फोटोत बघितलेलं असतं. ते युद्धात तीन लाखाच्या आसपास बनलं. मार्क पाचला मिळालं दीड वर्ष, एकूण साधारण वीस हजार. म्हणजे नानांच्या घरातली वस्तू गदरातली नसली तरी तिच्या घराण्यात ती कमी दिसणारी आहे, आणि खरं सांगायचं तर मला १८५७ पेक्षा हेच ऐकून जास्त आनंद झाला. नानांना झाला नाही. असो.

इथं एक तपासणी मध्येच करून घेतली जी खरं तर पहिली करायला हवी असते: हे अस्सल आहे का? वायव्य सरहद्दीवर दर्रा आदमखेल भागात इंग्रजी हत्यारांच्या हातानं केलेल्या नकला पिढ्यान्‌पिढ्या बनतात. करणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसे, तो ठसा चित्र म्हणून उतरवायचा, त्यामुळे स्पेलिंग चुकतं, इंग्रजी ‘एन’ उलटा पडतो, आणि राणी वारल्यानंतरच्या सालावरही व्हिक्टोरियाचा मुकुट दिसतो. इथे तसं काही नव्हतं. अक्षरं सरळ, एका खोलीची, सांध्यांच्या रेघा बारीक, आणि बॉडीवरचा नंबर सिलेंडरवरही तोच. नंबर जुळला म्हणजे सिलेंडर मूळचा, दुसऱ्या पिस्तुलाचा आणून बसवलेला नाही. सिलेंडरची मागची बाजूही घासून पातळ केलेली नव्हती. तेही बघावं लागतं, कारण अमेरिकेत गेलेली बरीच वेबली .४५ ऑटोमॅटिकची गोळी चालावी म्हणून मागून कातली गेली, आणि त्या गोळीचा दाब या पिस्तुलाला झेपत नाही. आपल्याकडे असं क्वचित दिसतं, पण जुन्या लायसन्सवर .४५ लिहिलेलं असताना हा प्रश्न सोडून चालणार नव्हतं. व्हर्नियर लावला, घरांची तोंडं आणि रिमची खाच .४५५ वेबलीच्या हिशोबाची निघाली. ऑफिसच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं.

मग इतिहास. साल आणि मेक कळलं म्हणजे इतिहास कळला असं लोक समजतात, तर तसं नसतं. एकेक ठसा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. कंपनीचा ठसा सांगतो कोणी बनवलं. मुकुटाखाली आकडा असे जे बारके ठसे ठिकठिकाणी आहेत ते सरकारी तपासनीसाचे, त्यावरून कळतं की सरकारी ऑर्डरीतला माल आहे, दुकानातला नाही. हा फरक फार महत्त्वाचा, कारण त्या काळी ब्रिटिश अफसर आपलं पिस्तूल स्वतःच्या पैशानं विकत घ्यायचे, अट एवढीच की फौजेची .४५५ गोळी त्यात चालली पाहिजे. तसल्या खाजगी पिस्तुलावर बहुधा लंडनच्या नाहीतर कलकत्त्याच्या दुकानाचं नाव असतं आणि बाण नसतो. आपल्यावर दुकानाचं नाव नाही, बाण आहे.

बाण म्हणजे ब्रॉड अॅरो, ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. पण इथला बाण नीट बघितला तर त्याच्या खाली एक उभी रेघ होती, वर-खाली बारीक आडव्या टोकांची. निकेलमुळे ती ओरखड्यासारखी वाटत होती, गन हाऊसचे मालक तर म्हणाले स्क्रॅच आहे. टॉर्च उलट बाजूनं धरली तेव्हा टोकं दिसली. तो इंग्रजी ‘आय’ आहे. बाणाखाली आय म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालकी. म्हणजे हे पिस्तूल बर्मिंगहॅमहून निघून कधीतरी इथल्या सरकारी शस्त्रसाठ्यात जमा झालं, आणि कोणा जर्मनाच्या पट्ट्यातून आलेलं नाही. जर्मन अफसराकडे जर्मन हत्यार असणार, ब्रिटिश फौजेचं वेबली तो कशाला बाळगेल, हा साधा प्रश्न घरात शंभर वर्षांत कोणी विचारला नव्हता! अर्थात त्यानं ते कुणा इंग्रजाकडून पळवलं असेल असं पुण्याच्या भावांनी फोनवर लगेच सुचवलं. कल्पनाशक्तीला तोड नाही.

त्याचं उत्तर शेजारच्याच ठशात होतं. आयवाल्या बाणाच्या किंचित पुढे आणखी दोन बाण आहेत, टोकाला टोक लावून समोरासमोर. ही खूण मारतात सरकार हत्यार विकून टाकतं तेव्हा, की आता ही सरकारी मालमत्ता राहिली नाही, कोणाकडे सापडलं तर चोरीचं समजू नये. लुटीच्या किंवा रणांगणावर उचललेल्या हत्यारावर सरकार विक्रीची खूण कशाला मारेल? तर टांगा बाद झालं, निदान या पिस्तुलापुरतं. पणजोबा तिथे होते याला मी हात लावत नाही, तिसऱ्या ग्वाल्हेर इन्फन्ट्रीचं अर्धं पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगाला खरोखर उतरलं होतं, आणि तिथे इंग्रजांचा सपशेल पराभव झाला. त्या घाईत माघार घेणाऱ्यांनी मशीनगनसुद्धा किनाऱ्यावर टाकून दिल्या, तेव्हा तिथून लूट घेऊन येण्यासारखी परिस्थिती आपल्या बाजूची नव्हतीच.

आणखी एक गोष्ट बघितली, जी नव्हती. ब्रिटनमध्ये सरकारी हत्यार बाजारात विकायचं तर बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाऊसमधून (जिथे बार उडवून हत्याराची मजबुती तपासतात) परत तपासून त्यांचे मुलकी ठसे मारून घ्यावे लागतात. नानांच्या पिस्तुलावर फौजी प्रूफचे, एकमेकांवर आडव्या टाकलेल्या झेंड्यांचे ठसे आहेत, मुलकी एकही नाही. म्हणजे ते विक्रीनंतर विलायतेच्या दुकानात गेलं नाही, हिंदुस्थानातच विकलं गेलं. नसलेला ठसासुद्धा असा साक्ष देतो, फक्त तो घासून गेलेला नाही याची खात्री हवी, आणि नळीवर जिथे ते असायला पाहिजेत तिथे फौजी ठसे शाबूत होते, म्हणून मी हे म्हणू शकलो.

राहिली मुरार. मधल्या काकांची गोष्ट सगळ्यात साधी म्हणून मला सुरुवातीला तीच खरी वाटण्यासारखी होती. पण मुरारला गोरी फौज होती ती १८८६ पर्यंत. त्या साली इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत दिलं आणि बदल्यात झाशी घेतली. त्यांची छावणी उठली ती तिकडे गेली. १९१४ च्या पिस्तुलाचा साहेब मुरारच्या छावणीतून विलायतेला निघणं शक्य नाही, छावणीच राहिली नव्हती अठ्ठावीस वर्षं.

इथे मला मोठ्या काकूंचं वाक्य आठवलं. झाशीचं आहे एवढं खरं. झाशीची छावणी! मी नानांना म्हटलं, राणी सोडा, तात्या सोडा, तुमच्याकडे १९२० नंतरचे घरखर्चाचे कागद आहेत का? ते म्हणाले एक ट्रंक आहे, मोडीत आहे सगळं, कोणी वाचत नाही, वाळवी लागायची म्हणून काकूंनी नीम की पत्ती घालून ठेवलंय. मोडी वाचणारे एक ज्येष्ठ गृहस्थ दौलतगंजात राहतात, ते आले, चष्मा कपाळावर सरकवून रोजकीर्दीच्या वह्या चाळायला बसले. तूप, घोड्याचा दाणा, भिक्षुकांची दक्षिणा, मुलीच्या मंगळागौरीचा खर्च, एका पानावर तर फक्त आंब्यांचा हिशोब. माझा जीव पिस्तुलात आणि ते गृहस्थ प्रत्येक पान चवीनं मोठ्यानं वाचणार. त्यांना घाई करायची सोय नव्हती, चहा पाजत राहिलो.

नोंद सापडली संवत १९८४ च्या वहीत: ‘सहाबारी विलायती पिस्तुल, आखूड नळी, पट्टा व गोळ्या पन्नाससुद्धा, मुक्काम झाशीहून आणिले, रुपये ८५.’ संवत १९८४ म्हणजे १९२७-२८. ग्वाल्हेरचे माधवराव महाराज १९२५ ला वारले होते, जिवाजीराव लहान, रीजन्सी कौन्सिलचा कारभार चालू होता, आणि पणजोबा नोकरी संपवून घरी बसले होते. ब्रिटिश फौज त्याच सुमारास .४५५ सोडून .३८ कडे वळायच्या खटपटीत होती, मार्क पाच तर मार्क सहापुढे केव्हाच जुनं झालं होतं, तेव्हा साठ्यातून अशी पिस्तुलं निघणं स्वाभाविकच.

नोंदीत नंबर नाही, मग ते पिस्तूल हेच कशावरून, हा प्रश्न नानांच्या मुलीनं विचारला आणि बरोबर विचारला. तीन गोष्टी आहेत. मध्य भारत राज्याच्या काळातलं (१९४८ ते ५६) एक फाटकं लायसन्स मिळालं, पणजोबांच्याच नावाचं, त्यावर इंग्रजीत नंबर आहे आणि तो बॉडीवरच्या नंबराशी जुळतो. पुढच्या वाटणीपत्रात घरातली हत्यारं मोजून लिहिलीत, दोन तलवारी, एक बारा बोअर दोनबारी, पिस्तूल एक. एकच. आणि तिसरी गोष्ट गोळ्यांची.

पट्टा अजून आहे, चामडं कडक होऊन तडकलेलं, आणि त्याच्या घरांत काही गोळ्या तशाच हिरव्या पडून बसलेल्या. त्यांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ अक्षरं, मध्ये बाण आणि २६ चा आकडा. के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याजवळची खडकी. १९२६ ची गोळी, १९२७-२८ ची खरेदी. पट्ट्यासकट गोळ्या आल्याचं वहीत लिहिलंय आणि गोळ्या सांगतात तेच साल, यापेक्षा जास्त जुळणी घरगुती कागदांत सहसा मिळत नाही. पुण्याचे चुलतभाऊ खडकीचं नाव ऐकून थोडे निवळले. राणी गेली तरी पुणं आलं.

आता ‘झाशीचं पिस्तूल’ हे नाव कसं पडलं ते उलगडतं. पणजोबांनी झाशीहून आणलं म्हणून घरात त्याला झाशीचं म्हणू लागले, जसं आपण चंदेरीची साडी म्हणतो तितक्या साधेपणानं. पुढच्या पिढीला झाशी म्हटल्यावर दुसरं कोण आठवणार? मग कोणीतरी १९१४ चा संवत केला, व्ही ची व्हिक्टोरिया केली, आणि गोष्ट घट्ट बसली. कोणी खोटं बोललं नव्हतं. मोठ्या काकूंना मी हे सांगितलं तर त्या नानांकडे बघून म्हणाल्या, “मी म्हणत नव्हते?” त्यांच्या बाजूनं विषय मिटला.

ज्यांना आपल्या घरातलं असं हत्यार तपासायचं असेल त्यांच्यासाठी एक सांगतो. सिरियल नंबर विलायतेला कळवला की पहिल्या मालकाचं नाव येईल ही आशा सरकारी ऑर्डरीतल्या पिस्तुलाबाबत धरू नका, तो माल ढिगानं साठ्यात जायचा, माणसाच्या नावानं नाही. पलटणीचं नाव मिळतं ते कधी कधी मुठीच्या मागच्या पट्टीवर ठोकलेलं असतं. नानांच्या पिस्तुलावर ती पट्टी कोरी होती, घासल्याच्या खुणाही नव्हत्या, आणि मुठीच्या पट्ट्या काढल्यावर आत निकेल नसलेलं मूळ लोखंड होतं त्यावरही फक्त जुळणीचे आकडे. म्हणून १९१४ ते १९२७ मध्ये ते कोणाच्या कमरेला होतं याबद्दल मी अहवालात एक अक्षर लिहिलं नाही, नानांनी ‘मेसोपोटेमिया वगैरे’ घालायचा आग्रह करूनसुद्धा.

अँटिकच्या सवलतीचं काय झालं ते सरळ आहे. गन हाऊसच्या मिस्त्रीनं तपासलं, घोडा धरतो, सिलेंडर जागेवर येऊन घट्ट थांबतो, नळीतले सातही आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) दिसतात. चालू हत्यार आहे, कलम ४५ ची सूट बसत नाही, लायसन्स लागणारच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, नानांच्या नावावर बारा बोअर आधीच आहे, म्हणजे हे दुसरं आणि शेवटचं. मुलीनं विचारलं की कायमचं निकामी करून भिंतीवर लावलं तर. मी म्हटलं तो तुमचा निर्णय, पण नळीत भोक पाडायच्या आधी हे वीस हजारांतलं एक आहे एवढं डोक्यात असू द्या. सध्या तरी ते गन हाऊसच्या कपाटातच आहे.

अर्जाच्या रकान्यात आम्ही लिहिलं: ‘वेबली रिव्हॉल्व्हर, मार्क पाच, .४५५ वेबली रिमवाली गोळी, नळी चार इंच, सहा बार, बर्मिंगहॅम, १९१४, सरकारी सेवेतून विक्री झाल्याची खूण आहे, निकेल नंतरचं, उजवी मूठपट्टी बदललेली.’ सोबत ठशांचे फोटो, मध्य भारतच्या लायसन्सची झेरॉक्स आणि मोडी नोंदीचं बाळबोध लिप्यंतर जोडलं. ऑफिसातल्या बाबूंनी सगळं चाळलं, मोडीचं पान उलटं धरून बघितलं, आणि म्हणाले मोडीवाला कागद नोटरी करून आणा. जुन्या गोळ्या मात्र घरात ठेवू नका असं मी आधीच सांगितलं होतं, त्या नानांनी यादी करून थान्यात जमा केल्या आणि पावती घेतली. पट्टा घरी आहे, काकूंनी त्याला खोबरेल तेल लावायला घेतलं होतं, ते तेवढं थांबवलं.